फोग्ट्सबाउअर्नहोफ, गूटाख : ब्लॅक फॉरेस्टमधलं शेतकऱ्याचं घर बघायला जाताना

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची सहल बहुतेक वेळा टिटिझे तलाव, ट्रिबर्गचा धबधबा, कुक्कू घड्याळाचं दुकान आणि चेरीचा केक इथेच आटोपते. त्या केकवरची क्रीम ज्या गायींच्या दुधाची आणि ती घड्याळं ज्या घरांतल्या धाकट्या-थोरल्या मुलांनी हिवाळ्यात बसून केली, ती घरं बघायची असतील तर गूटाख गावाबाहेरचं फोग्ट्सबाउअर्नहोफ हे खुलं संग्रहालय गाठावं. दिवस राखून ठेवावा असं ठिकाण आहे. फक्त तिथे नेमकं काय बघायचं हे आधी ठाऊक हवं, नाहीतर सहा मोठी लाकडी घरं, थोड्या शेळ्या-कोंबड्या आणि एक पाणचक्की बघून दोन तासांत बाहेर पडाल आणि 'सगळी घरं सारखीच होती' असं म्हणाल. ती सारखी नाहीत.

या जागेचं नाव ज्यावरून पडलं ते घर 1612 सालचं आणि अजून त्याच जागी उभं आहे. फोग्ट म्हणजे सरकारातर्फे खोऱ्याचा कारभार बघणारा, आपल्याकडच्या पाटलासारखा माणूस. ते पद या शेतावरच्या मालकाकडे होतं. 1960 नंतर हे घर पाडण्याच्या बेतात होतं. हेरमान शिली हे स्वतः सुतारकाम शिकलेले आणि या भागातल्या शेतघरांचा आयुष्यभर अभ्यास केलेले गृहस्थ. त्यांच्या आग्रहाने तेव्हाच्या वोल्फाख जिल्ह्याने 1963 मध्ये ते विकत घेतलं आणि 1964 मध्ये लोकांसाठी उघडलं. त्यानंतर ब्लॅक फॉरेस्टच्या वेगवेगळ्या भागांतली जुनी घरं सोडवून, तुळया-फळ्यांवर खुणा घालून इथे आणली गेली आणि पुन्हा जोडली गेली. आता कारभार ओर्टेनाउ जिल्ह्याकडे आहे.

म्हणजे हे खरं गाव नव्हे. इथली घरं एकमेकांची शेजारी कधीच नव्हती. एक फुर्टवांगेनच्या उंच पठारावरचं, एक ओबरवोल्फाखच्या दरीतलं, एक फ्रायबुर्गच्या बाजूचं. हे लक्षात न ठेवता फिरलं तर एका दाट वस्तीचं चित्र डोक्यात बसतं, आणि ते चूक आहे. गूटाखच्या खोऱ्यात प्रत्येक शेत सुटं असतं: ओढ्यापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत गेलेला जमिनीचा एक लांब पट्टा, खाली कुरण, मध्ये घर आणि शेत, वर जंगल. शेजारी हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही. संग्रहालयाच्या कुंपणाबाहेर दहा मिनिटं चाललात तरी हा पट्टा अजून दिसतो, आणि तो बघितल्याशिवाय आतली घरं अर्धीच कळतात.

सुरुवात फोग्ट्सबाउअर्नहोफपासूनच करावी, आणि घरात शिरण्याआधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी. घराची तोंडाकडची बाजू दरीकडे, म्हणजे उन्हाकडे. तिथे माणसं राहत. मागची बाजू डोंगराला टेकलेली, तिथे गोठा. छप्पर इतकं खाली उतरतं की बाजूने घराची भिंत जेमतेम दिसते, कारण पाऊस, वारा आणि बर्फ लाकडाला लागू द्यायचे नाहीत. जुनं छप्पर म्हणजे राय या धान्याच्या लांब पेंढ्याच्या जाड थरांचं. ते उभ्या चढाचंच हवं, साधारण 45 ते 50 अंशांचं. त्याहून निवांत उतार ठेवला की पाणी मुरतं, शेवाळ धरतं आणि पेंढा कुजायला लागतो. उत्तरेकडची बाजू नेहमी आधी जाते.

आता मागे जा. डोंगराच्या अंगाने एक मातीचा चढ थेट छपरात शिरलेला दिसेल. घर ज्या अर्थशास्त्रावर उभं आहे त्याचं मर्म इथे आहे. वाळलेलं गवत भरलेली गाडी बैलांनी किंवा घोड्याने सरळ माळ्यावर आणायची, तिथून गवत दोन्ही बाजूंना खाली ढकलायचं. गवत वर चढवायचं नाही, खाली पाडायचं. हिवाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ हेच गवत माळ्याच्या फटीतून खाली गव्हाणींच्या मधल्या बोळात टाकलं जाई. सहा महिने बर्फात गोठ्यातच बांधलेल्या जनावरांचा चारा, एकाही माणसाला घराबाहेर पाऊल न टाकता. आणि माळ्यावर रचलेला तोच चारा खालच्या खोल्यांना थंडीपासून झाकून ठेवी.

यात एक धोका कायम असे, तो संग्रहालयात सांगितला नाही तर लक्षात येत नाही. गवत पुरतं न वाळवता भरलं की ते आतून आंबतं, तापतं आणि काही आठवड्यांनी स्वतःहून पेट घेऊ शकतं. म्हणून गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने काढून हाताने बघायची. सळई सोसवेना इतकी गरम लागली तर गंजी तातडीने मोकळी करायची. माणसं, जनावरं, वर्षभराचा चारा सगळं एकाच पेंढ्याच्या छपराखाली, त्यामुळे एक चूक म्हणजे सगळंच गेलं. धान्याचं कोठार, भट्टी आणि चक्की घरापासून अंतर राखून का उभी आहेत याचं उत्तरही हेच. घर जळलं तरी बियाणं, पीठ आणि कागदपत्रं वाचावीत. कोठाराच्या दाराचं जाड लाकूड आणि कुलपाची दणकट घडण बघितली की त्या माणसांना खरी श्रीमंती कुठे ठेवावीशी वाटत होती ते दिसतं.

आत गेल्यावर सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघरात द्या. घराला धुराडं नाही. दोन मजले उंच अशी ही काळीकुट्ट खोली, आणि चुलीच्या वर वेताकाड्यांनी विणलेली, मातीने लिंपलेली एक मोठी कमान. वर उडालेल्या ठिणग्या तिथे अडतात आणि विझतात. धूर मात्र तिला वळसा घालून छताकडे जातो आणि तिथून माळ्यातून, छपराच्या पेंढ्यातून हळूहळू बाहेर पडतो. वाटेत तो तीन कामं करतो. आढ्याला टांगलेलं डुकराचं मांस त्या धुरात टिकतं. माळ्यावरचं धान्य कोरडं राहतं. आणि तुळयांवर काजळी-डांबराचा असा थर बसतो की कीड लाकडाला शिवत नाही. 19व्या शतकात आगीच्या भीतीने धुराडी बांधा, पेंढ्याची छपरं काढा असा सरकारी रेटा सुरू झाला. तो चुकीचा नव्हता, आगी खरोखर लागत. पण धूर धुराड्यातून सरळ बाहेर जायला लागल्यावर माळ्याचं लाकूड उघडं पडलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय होत असेल, हेही तिथे उभं राहून सहज समजतं. तुळईवर बोट फिरवू नका, काजळी अजून निघते आणि कपड्यांवरून जात नाही.

स्वयंपाकघराला लागून बैठकीची खोली, श्टूबं. ती एकदम स्वच्छ, उजेडाची, धुराचा मागमूस नसलेली. कारण तिथल्या मोठ्या फरशीच्या शेगडीचं तोंड खोलीत नसून भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात आहे. जाळ तिकडे, ऊब इकडे. शेगडीला लागून बसायचा कट्टा, त्यावर ओले कपडे वाळवायच्या काठ्या, आणि छताला एक छोटी झडप; ती उघडली की ऊब वरच्या निजायच्या खोलीत जाते. खिडक्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकाला एक लागून, कारण हिवाळ्यातलं सगळं काम, सूत कातणं, टोपल्या विणणं, लाकडाची भांडी कोरणं, त्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती दिवसाच्या उजेडात चाले. टेबलाभोवती बसायच्या जागा ठरलेल्या: मालक कोपऱ्यात, मग मुलं आणि सालगडी, बायका दुसऱ्या बाजूला. सालगड्यांचं वर्ष 2 फेब्रुवारीच्या लिख्टमेस सणाला संपे. त्या दिवशी हिशोब चुकता व्हायचा आणि गडी राहायचा किंवा दुसऱ्या शेताची वाट धरायचा.

याच खोलीत एक गोष्ट आहे जी दहातले नऊ जण न बघता पुढे जातात. मान वर करा. छत जाड फळ्यांचं आहे, फळ्या तुळयांच्या खाचांमध्ये आडव्या सरकवलेल्या. त्यातली मधली एक फळी पाचरीसारखी आहे: एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. तिचं रुंद टोक भिंतीतून आरपार जाऊन घराबाहेर हातभर डोकावतं. लाकूड वर्षागणिक वाळतं, आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात आणि वरचा भुसा, वारा खाली यायला लागतो. मग बाहेर जाऊन त्या टोकावर मोठ्या लाकडी हातोड्याचे दोन-चार घाव घालायचे. पाचर आत सरकते आणि सगळं छत पुन्हा घट्ट. एकही खिळा नाही, छत उतरवायची भानगड नाही. बाहेरून फेरी मारताना दर्शनी भिंतीतून बाहेर आलेलं ते टोक शोधा, मग आत येऊन तीच फळी छतात ओळखा. सुताराची दूरदृष्टी इतकी उघडी-वाघडी क्वचितच बघायला मिळते. सगळं घरच असं आहे: उभे खांब, त्यांच्या खाचांत बसवलेल्या जाड फळ्या, लाकडी खुंट्या. म्हणूनच तर अशी घरं सोडवून दुसरीकडे नेता येतात.

यानंतर बाकीची घरं वेगळी वाटायला लागतात. हिपनझेपनहोफ 1599 चं, फुर्टवांगेनजवळच्या काट्सनश्टाइगमधलं. तिथे हवा फार कडक, म्हणून रचना उलटी: माणसं डोंगराच्या बाजूला, गोठा दरीकडे. घराने वाऱ्याकडे पाठ फिरवलेली. फोग्ट्सबाउअर्नहोफमधून थेट इथे आलात तर हा फरक पहिल्याच मिनिटाला लक्षात येतो, मध्ये दोन-तीन इमारती बघून आलात तर हरवतो. लोरेंत्सनहोफ 1608 चं, ओबरवोल्फाखचं. खाली दगडी तळमजल्यात गोठा आणि तळघर, वर माणसं. तिथली खोरी अरुंद आणि उताराची, सपाट जागा कमी, म्हणून घर वर चढलं. वोल्फाख आणि शिल्टाख ही त्या बाजूची गावं लाकडाच्या तराफ्यांची. इथली झाडं किंत्सिग नदीतून ऱ्हाइनला आणि तिथून हॉलंडपर्यंत जात. 19व्या शतकाच्या शेवटी रेल्वेने तो धंदा बंद पाडला. बुखनबाखकडचं फाल्कनहोफ 1737 चं आहे. वेळ कमी असेल तर यातलं ते वगळलं तरी चालेल.

एफ्रिंगर श्लोस्ले ही सगळ्यांत जुनी इमारत, 1407 ची, उत्तर ब्लॅक फॉरेस्टमधून आणलेली आणि 2021 मध्ये इथे उघडलेली. ती सुटे भाग करून आणली नाही; भिंतींचे मोठमोठे अखंड तुकडे ट्रकवर चढवून आणले, त्यामुळे गिलाव्याचे, रंगाचे जुने थर जागेवर राहिले. एका घरात पाच-सहाशे वर्षं वेगवेगळ्या दर्जाची माणसं राहत गेली की भिंतींचं काय होतं हे तिथे दिसतं. पडद्यांवरच्या चित्रांतून तिथल्या रहिवाशांची ओळख होते. शाळकरी मुलांना हे घर सर्वांत जास्त आवडतं.

पण मोठ्या घरांनी भारावून जाऊन परतू नका. ओबरप्रेश्टालहून आणलेलं 1819 चं रोजंदार मजुराचं घर मुद्दाम शोधून बघा. ते बघितल्याशिवाय या संग्रहालयाला अर्थ नाही, आणि त्यासाठी इथली वारसाहक्काची पद्धत समजून घ्यायला हवी.

या खोऱ्यांत शेताची वाटणी होत नसे. अख्खं शेत, घर, जनावरं, जंगल एकाच वारसाकडे जाई, आणि बऱ्याच भागांत तो वारस म्हणजे सगळ्यात धाकटा मुलगा. कारण व्यवहारी होतं: बाप जितका जास्त वर्षं मालक राहील तितकं बरं, आणि थोरल्याला वीस-पंचवीस वर्षं ताटकळत ठेवण्यापेक्षा धाकट्याला द्यावं, तो वयात येईपर्यंत बाप थकलेलाच असतो. या अविभाज्य शेतांना बाडेन राज्याच्या 1898 च्या कायद्याने पक्कं संरक्षण दिलं. म्हणूनच ही प्रचंड घरं उभी राहू शकली. शेताचे तुकडे झाले असते तर चाळीस गाड्या गवत मावेल एवढा माळा कोणाला लागला असता? पण बाकीच्या भावंडांना थोडी रक्कम मिळे आणि ती रक्कमही शेताला झेपेल एवढीच ठरवलेली. कोणी भावाच्याच शेतावर गडी म्हणून राहिलं, लग्नाविना. कोणी घड्याळाच्या धंद्यात गेलं, कोणी अमेरिकेला. आणि कोणी त्या मजुराच्या घरासारख्या घरात संसार थाटला: एखादी गाय किंवा शेळ्या, भाड्याने घेतलेला बटाट्याचा तुकडा, आणि मोठ्या शेतावर ठरलेले दिवस काम. दोन्ही घरांमधल्या छताची उंची, निजायच्या जागा आणि चुलीचा आकार यांची तुलना करा. माहितीफलकापेक्षा तेच जास्त सांगतं.

म्हातारा-म्हातारीसाठी आवारात वेगळं छोटं घर आहे, लाइपगेडिंग. शेत मुलाच्या नावावर करताना लेखी करार व्हायचा: आई-वडिलांना वर्षाला किती धान्य, किती सरपण, रोज किती दूध, किती बटाटे, बागेतला कोणता वाफा, झाडावरची किती फळं. सगळं मापासह. प्रेमावर काही सोडलेलं नाही, त्यामुळे भांडायला जागा कमी उरते. वाटणी आणि म्हाताऱ्यांची सोय यावरून आपल्याकडच्या घरांत जे काही चालतं ते ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे छोटं घर फार विचार करायला लावतं.

आवारात पाण्यावर चालणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. करवतीच्या गिरणीत उभं पातं वर-खाली चालतं आणि ओंडका ठेवलेला गाडा दात-दात पुढे सरकतो. चालू असताना बघायला मिळाली तर तिथेच थांबा. पोकळ केलेल्या ओंडक्यांच्या नळांतून झऱ्याचं पाणी हौदात येतं. हे ओंडके लांब गिरमिटाने आरपार भोकं पाडून करत आणि वापरेपर्यंत तळ्यात बुडवून ठेवत, नाहीतर तडकतात. भट्टीत पाव भाजायचं काम असेल त्या दिवशी क्रम नीट बघा: आधी आतच लाकडं जाळून भट्टीचे दगड तापवायचे, निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा, चिमूटभर पीठ टाकून बघायचं. पीठ लगेच काळं पडलं तर अजून थांबायचं. हळूहळू तपकिरी झालं की पाव आत. घाई केली तर वरून करपतो, आत कच्चा राहतो. कुठल्या दिवशी कोणतं काम दाखवणार याचं वेळापत्रक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर असतं. तारीख त्यावरून ठरवा, हवामानावरून नव्हे. पाऊस असला तरी घरांच्या आत बराच वेळ जातो.

जनावरांमध्ये हिंटरवेल्डर गाय जरूर बघा. मध्य युरोपातली ही सर्वांत लहान जात, प्रौढ गाय साधारण 400 किलोची. मोठी गाय या उतारांवर घसरते आणि गवताची मुळं उखडते; ही चढते. याच उतारांवर पूर्वी झुडपं तोडून, जाळून, राखेत राय आणि बटाटे घेत, मग काही वर्षं चराई, मग पुन्हा ओकची झुडपं वाढू देत आणि त्यांची साल कातडी कमावणाऱ्यांना विकत. हे सगळं चक्र आता थांबलं आहे, म्हणून आज डोंगर जुन्या चित्रांपेक्षा खूप गर्द दिसतात.

जुनी चित्रं म्हणजे विल्हेल्म हाझेमान या चित्रकाराची. तो 1880 मध्ये गूटाखला आला आणि तिथेच राहिला. लाल गोंड्यांची ती प्रसिद्ध टोपी जगभर पोचली ती त्याच्या आणि त्याचा सहकारी कुर्ट लीबिख याच्या चित्रांमुळे. बोलनहूट नावाची ही टोपी साऱ्या ब्लॅक फॉरेस्टची म्हणून विकली जाते, पण ती फक्त तीन गावांची आहे: गूटाख, किर्नबाख आणि राइखनबाख. ही तिन्ही गावं पूर्वी वुर्टेम्बर्गच्या राज्यातली, प्रोटेस्टंट. 1810 मध्ये बाडेनकडे आली. शेजारची कॅथलिक गावं वेगळा पेहराव करत. काडाच्या टोपीवर लोकरीचे 14 गोंडे, त्यातले 11 दिसतात, बाकीचे दबून जातात. वजन दोन किलोपर्यंत. लाल गोंडे कुमारिकेचे, विवाहितेचे काळे. ही घातलेली बाई कोणत्या धर्माची, कोणत्या गावची, लग्न झालेली की नाही, हे दुरून कळे. दुकानातल्या छोट्या प्लास्टिकच्या टोप्यांकडे दुर्लक्ष करा आणि संग्रहालयातली खरी जवळून बघा. हौस असेल तर गूटाख गावात हाझेमान-लीबिख यांच्या चित्रांचं छोटं संग्रहालयही आहे.

उणिवा. पहिली, हे संग्रहालय श्रीमंत शेतकऱ्यांचंच जास्त आहे. मोठी घरं टिकली, लहान घरं पडली, त्याला संग्रहालयवाले काय करणार. पण प्रेक्षकाने एवढं लक्षात ठेवावं. दुसरी, सगळं फार नीटनेटकं आहे. चुली बहुतेक वेळ थंड, गोठे झाडलेले. बारा-पंधरा माणसं, वीस जनावरं आणि धूर एका छपराखाली असण्याचा वास आणि कोंदटपणा कल्पनेनेच भरावा लागतो. तिसरी, घराला एक साल लावलेलं असतं, पण आतलं सामान दोन-तीनशे वर्षांत जमत गेलेलं. 1599 च्या घरात 19व्या शतकातली शेगडी दिसली तर चक्रावून जाऊ नका.

आता जायचं कसं. मार्चअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडं असतं, हिवाळाभर बंद. दारं सकाळी 9 ला उघडतात. 9 ते 11 या वेळात शाळांच्या सहली पोचायच्या आत फोग्ट्सबाउअर्नहोफचं स्वयंपाकघर आणि श्टूबं बघून घ्या, नंतर त्या खोल्यांत उभं राहायला जागा नसते. संपूर्ण फेरीला चार तास धरा.

रेल्वेने येताना एक चूक हमखास होते. गूटाख नावाची दोन गावं आहेत. दुसरं फ्रायबुर्गजवळ ब्राइसगाउमध्ये, भलत्याच रेल्वेमार्गावर. ॲपमध्ये नुसतं 'गूटाख' टाकलं की कधीकधी तेच आधी येतं. 'गूटाख फ्रायलिष्टमुझेउम' असं पूर्ण नाव टाका. संग्रहालयासमोरच छोटा थांबा आहे, पण जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. हाउझाखला उतरून लोकल गाडी पकडायची. स्टुटगार्टहून कार्ल्सरूहे-ओफेनबुर्ग मार्गे या किंवा फ्रॉयडनश्टाट मार्गे. दुसरा रस्ता निवांत आहे आणि शिल्टाख-वोल्फाख वाटेत लागतात. प्रादेशिक गाड्यांना डॉइचलांड-टिकट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, चालतं. रात्री या भागात राहणार असाल तर कोनुस पाहुणाकार्ड मागून घ्या, त्यावर आसपासच्या बस आणि प्रादेशिक गाड्या फुकट असतात. गाडीने येणाऱ्यांसाठी बी 33 रस्ता अगदी शेजारून जातो.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाताना गुडघ्यांचा विचार करा. आवारातले रस्ते चालण्याजोगे आहेत, पण घरांचे उंबरे उंच, दारं बुटकी, वरच्या मजल्याचे जिने शिडीसारखे उभे. गंमत म्हणजे माळा बघायला जिना चढायलाच लागतो असं नाही. मागच्या मातीच्या चढावरून छपरात सरळ चालत जाता येतं तिथे त्यांना न्या. बाबागाडी बाहेर ठेवावी लागेल, म्हणून लहान बाळ असेल तर पाठीवरची झोळी बरी. तळवे घसरणार नाहीत असे बूट घाला. जुनी लाकडी जमीन गुळगुळीत झालेली आहे.

खाण्याचं. शाकाहारी लोकांनी या भागात 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही, 'श्पेक नको', म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस नको, हे वेगळं सांगावं लागतं. परतलेले बटाटे, मसुराची भाजी, फ्लामकूखेन, सगळ्यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात आणि अनेकांच्या लेखी ते मांसात मोजलेच जात नाहीत. निर्धास्त पर्याय म्हणजे केझेश्पेट्सले, म्हणजे चीज घातलेल्या पिठाच्या शेवया, आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर मिळणारं बिबेलेसकेस, म्हणजे कांद्याची पात घातलेला चक्क्यासारखा मऊ पदार्थ. चेरीच्या केकमध्ये किर्श ही दारू असतेच. मुलांना देण्याआधी विचारा. डबा नेलात तर आवारात बाकं आहेत. आणि मुलं कंटाळली तर जवळच डोंगरउतारावर रुळांवरून घसरत येणारी उन्हाळी गाडी आहे. ती मात्र शेवटी ठेवा, कारण आधी नेलीत तर परत घरं बघायला कोणी येत नाही.